मराठी मजकुराचे युनिकोड रूपांतर

मराठी मजकुराचे युनिकोड रूपांतर म्हणजे कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी, डीव्हीबी-टीटी योगेश यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत आणण्याची प्रक्रिया होय. हे काम करणारी रूपांतरक साधने आंतरजालावर उपलब्ध आहेत. रूपांतर न झालेला मजकूर मूळ फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात दिसतो. त्यात मराठी शब्द शोधता येत नाही आणि अंध वाचकांसाठी असलेली वाचन-प्रणालीही तो वाचून दाखवू शकत नाही.

पार्श्वभूमी

जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. पडद्यावर मराठी दिसते. फाइलमध्ये मात्र रोमन अक्षरांचेच संकेतांक साठवले जातात. भारतीय मानक ब्यूरोचे इस्की हे मानक (आयएस १३१९४) आणि युनिकोडची पहिली आवृत्ती ही दोन्ही १९९१ सालची. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र विभाग आहे. तथापि पेजमेकरसारख्या अक्षरजुळणीच्या प्रणालींना युनिकोड देवनागरी हाताळता येत नसल्यामुळे मुद्रणव्यवसायात जुने फॉन्ट पुढेही दीर्घकाळ टिकले.

कार्यपद्धती

एका संकेताऐवजी दुसरा ठेवला की रूपांतर झाले, असे नाही. कृतिदेवमध्ये ‘भारत’ हा शब्द एच, के, के, जे, आर या पाच रोमन अक्षरांनी साठवला जातो. यातील ‘एच’ म्हणजे अर्धा भ. पहिला ‘के’ त्या भ ला दंड देऊन पूर्ण करतो, तर दुसरा ‘के’ काना असतो. संकेत एकच, कार्ये दोन. ती रूपांतरकाला संदर्भावरून ओळखावी लागतात.

क्रमाचा प्रश्न याहून अवघड आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टंकली जाते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. रफाराचे याउलट आहे. ‘मूर्ती’ या शब्दात तो शेवटी टंकलेला असतो, पण युनिकोडमध्ये त्याला दुसरी वेलांटी आणि त ओलांडून मागे जावे लागते.

मराठीची विशेष अडचण

हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले रूपांतरक मराठीतील अर्ध्या र च्या आडव्या रूपापाशी अडखळतात. काही ठिकाणी ते चिन्ह गळते, काही ठिकाणी त्याचा रफार होतो. मग ‘आचाऱ्यांना’ (स्वयंपाक करणाऱ्यांना) या शब्दाचे ‘आचार्यांना’ (गुरूंना) होते आणि ‘दऱ्या’ या शब्दाचा ‘दर्या’. दोन्ही रूपे शुद्ध असल्याने शुद्धलेखन-तपासनीसाला ही चूक सापडत नाही. ती अर्थ लावत वाचणाऱ्या माणसालाच सापडते. एखादे साधन वापरण्यापूर्वी त्यात असे दोन-चार शब्द घालून पाहणे हा सोपा आणि विश्वासार्ह उपाय आहे.

‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. काही साधने अजूनही त्याऐवजी अ आणि अर्धचंद्र असे दोन संकेत देतात. दिसायला फरक नसतो, परंतु अशा फाइलमध्ये ‘ॲड’ हा शब्द शोधल्यास तो सापडेलच असे नाही.

ऑनलाइन वापर

काही साधने वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्येच मजकूर बदलतात, तर काहींत संपूर्ण फाइल दूरस्थ सर्व्हरवर चढवावी लागते. दस्तऐवज, प्रश्नपत्रिका किंवा वैद्यकीय कागदपत्रे दुसऱ्या प्रकारच्या साधनात घालणे योग्य नव्हे. नुसता मजकूर चिकटवला तर फॉन्टची माहिती गळून जाते, त्यामुळे मधले इंग्रजी शब्दही देवनागरी समजून बदलले जातात. असे परिच्छेद आधीच वेगळे काढावे लागतात.

पीडीएफमधून नक्कल केलेल्या मजकुरात संकेतांक मुळातच विस्कटलेले असू शकतात. पाने छायाचित्ररूपात असतील, तर त्यांत मजकूर नसतोच. तेथे आधी अक्षर-ओळख (ओसीआर) करावी लागते. टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीत मराठीची सोय आहे. रूपांतरानंतरही मूळ फाइल तिच्या फॉन्टसह जपून ठेवावी, कारण शंकास्पद शब्द तिच्याशीच ताडून पाहावे लागतात.