मोकळ्या हवेची किंमत कोणी दिली?

गांधीबागेच्या कापडबाजारात तासभर घासाघीस करून माणूस बाहेर पडला की त्याला दोन गोष्टी हव्या असतात. घटकाभर टेकायला झाडाखाली जागा आणि घरी जायला धड रस्ता. गांधीबागेला या दोन्ही लाभल्या आहेत. बाग आहे, चालत जाण्याच्या अंतरावर जुना शुक्रवारी तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर आहे, शेजारून सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूचा रुंद रस्ता जातो आणि २०२२ च्या अखेरीपासून त्यावरून मेट्रोही धावते. कापडाचा भाव आपण दुकानदाराला खोदून खोदून विचारतो. पण या मोकळ्या जागेचा, या रस्त्याचा भाव काय पडला, आणि तो कोणाच्या खिशातून गेला, हे आपण कधी विचारतो का?

या प्रश्नाचा इतिहास मुंबईपासून सुरू होतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट चाळींत तो फैलावला आणि सरकार जागे झाले. १८९८ साली कायदा करून मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सरकारने आणि नगरपालिकेने त्याला जमिनी दिल्या, ट्रस्टने कर्ज काढले, दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते केले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. शहराला हवा मिळाली, यात शंका नाही. परंतु ज्यांच्या खोल्या पाडल्या, त्या सर्वांना पुरतील एवढ्या नव्या खोल्या काही झाल्या नाहीत. पुष्कळ माणसे शेजारच्याच गल्लीत आणखी दाटीने राहू लागली.

पुढे १९२० नंतर मुंबई सरकारच्या विकास खात्याने गिरणी कामगारांसाठी वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्यांना लोक आजही बीडीडी चाळी म्हणतात. यासाठी कर्जाच्या जोडीला पैसा कोठून आणला, ठाऊक आहे? मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे १ रुपया जकात बसवली. आता हा कापूस काही मलबार हिलवर पिकत नव्हता! वऱ्हाडचा आणि आपल्या नागपूरकडचा कापूस आगगाडीने तिकडे जाई. म्हणजे वरळीच्या चाळीच्या भिंतीत आपल्याकडच्या कापसाचाही थोडा पैसा मुरलेला आहे. एवढे करून सुरुवातीला भाडे परवडेना, म्हणून कित्येक खोल्या रिकाम्याच राहिल्या.

नागपूरला मात्र या चुकांपासून शिकण्याची संधी होती. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार येथे आला आणि त्याने नागपूरच्या नगररचनेवर अहवाल लिहिला. हिंदुस्थानातील अनेक शहरे पायी हिंडून पाहिलेला हा गृहस्थ. त्याचे सांगणे थोडक्यात असे की, जुन्या वस्तीवर सरळ रेषा ओढून ती कापून काढू नका. एखादे पडके घर काढा, विहिरीभोवतीचा चौक मोकळा करा, झाड राखा, तलाव बुजवू नका. कुशल वैद्य शस्त्र चालवतो तेवढेच चालवा. तंजावरच्या किल्ल्यातील वस्तीबाबत त्याने दाखवून दिले की, या रीतीने खर्चही फार कमी येतो आणि माणसेही बेघर होत नाहीत.

यानंतर दोन दशके गेली. १९३६ साली मध्यप्रांताच्या कायद्याने नागपूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आला आणि पुढच्या वर्षी कामाला लागला. आज कागदोपत्री त्याला नागपूर सुधार प्रन्यास म्हणतात, बोलताना मात्र आपण नुसते ‘ट्रस्ट’ किंवा ‘एनआयटी’ म्हणतो. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूच्या योजना याच ट्रस्टच्या. या कायद्यात रस्ते होते, नाल्या होत्या, आणि उठवलेल्या लोकांना पुन्हा वसवण्याच्या योजनाही होत्या.

आता याची जमाखर्चाची वही उघडू या. घरे आणि बागा दोन्हींना जमीन लागते, आणि दोन्हींसाठी पैसा एकाच थैलीतून यायचा. त्या थैलीत पैसे घालायच्या वाटा साधारण अशा: घेतलेल्या जमिनीचे भूखंड पाडून विकणे, योजनेमुळे आसपासच्या जमिनीचा भाव वाढला तर मालकाकडून त्या वाढीतला वाटा घेणे, आणि मालमत्तेच्या खरेदी-विक्रीवर थोडे शुल्क. दुसरी वाट न्यायाला धरून आहे. रस्ता झाला, माझ्या घराची किंमत वाढली, तर मी त्यातले काही शहराला द्यावे, यात गैर काय? परंतु भाव किती वाढला आणि त्यातला किती रस्त्यामुळे वाढला, यावर वाद घालायला वकील हजर असतातच.

आणि एक चौथी वाट होती. ती वहीत जमेच्या बाजूला कधी दिसली नाही. शहराच्या कडेला ज्याचे वावर होते, त्याची जमीन ट्रस्ट सक्तीने घेई. साध्या भूमिसंपादनाच्या कायद्याने त्याला बाजारभाव आणि वर सक्तीबद्दल १५ टक्के मिळाले असते. ट्रस्टच्या कायद्याने ते १५ टक्के मिळत नसत. शिवाय किंमत धरायची ती त्या दिवशी जमिनीचा जो उपयोग चालला असेल त्यावरून. उद्या तेथे बंगला उठणार असला, तरी आज वावरात तूर उभी आहे ना, मग तुरीच्या हिशेबाने घ्या! म्हणजे शहराला जी स्वस्त जमीन मिळाली, तिच्यातली सूट त्या कास्तकाराने दिलेली होती. वर्गणी त्याचीच, पण पावती नाही.

नागपूरच्याच विठ्ठलराव नावाच्या एका फिर्यादीने हा प्रश्न कोर्टात नेला. उच्च न्यायालयातून तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९७२ मध्ये सात न्यायाधीशांनी ट्रस्टच्या विरुद्ध निकाल दिला. त्यांचा मुद्दा कोणालाही पटण्याजोगा आहे. दवाखान्यासाठी घेतली तर निम्मा भाव, शाळेसाठी घेतली तर साठ टक्के, असे चालेल काय? जमीन कोणत्या सत्कार्यासाठी गेली आणि कोणत्या संस्थेने घेतली, याने मालकाच्या नुकसानीत काही फरक पडत नाही. म्हणून भरपाईत असा भेद करणे हे घटनेच्या १४ व्या कलमातील समतेला सोडून आहे. भूमिसंपादनाच्या खटल्यांत या निकालाचा दाखला आजही देतात.

न्याय झाला. पण जमीन महागली, आणि गरिबाच्या घराचा प्रश्न जेथल्या तेथे राहिला. शहराच्या कडेची शेते खाजगी लोकांनी तुकडे पाडून विकली. मजूर, शिपाई, रिक्षावाले यांनी पोटाला चिमटा घेऊन हजार-दीड हजार फुटांचे प्लॉट घेतले. पण तेथे रस्ते नाहीत, गटारे नाहीत, आणि बागेसाठी सोडायची जागा पुष्कळदा नकाशातच राहिली. २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला. ‘५७२ लेआउट’ आणि ‘१९०० लेआउट’ हे शब्द नागपूरच्या घराघरांत पोचले, आणि विकास शुल्क भरून ‘आरएल’ मिळवणे हे कित्येक संसारांचे ध्येय होऊन बसले. ज्यांना स्वस्त घर द्यायचे, त्यांनीच आधी प्लॉटचे आणि मग रस्त्याचे पैसे मोजले.

मग दुसरी रीत आहे की नाही? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००० साली एक कायदा केला. तेथील गाव मतदानाने ठरवते की, घरपट्टीवर जास्तीत जास्त ३ टक्क्यांपर्यंत अधिभार बसवायचा की नाही. बसवला, तर दर वर्षी त्या पैशातला किमान दहावा हिस्सा परवडणाऱ्या घरांसाठी, दहावा मोकळ्या जमिनीसाठी आणि दहावा जुन्या वास्तूंसाठी ठेवावाच लागतो. राज्य त्यात आपली भर घालते. बॉस्टन शहराने २०१६ साली १ टक्का स्वीकारला. आपले शहर निराळे, आपली घरपट्टी निराळी. तो कायदा जसाच्या तसा येथे लागू पडेल असे मी म्हणत नाही. परंतु त्यातल्या दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पैसा कोण देतो हे उघड असते, आणि घर व बाग यांचे वाटे आधीच बांधलेले असतात, त्यामुळे एकीने दुसरीचा घास घ्यायचा प्रश्न येत नाही.

शहरात फुकट काहीच नसते. मोकळ्या हवेची किंमत कोणीतरी देतोच. ती सर्वांनी मिळून, ठरवून दिली तर तिला कर म्हणतात. एखाद्या दुबळ्यावर गुपचूप टाकली, तर तिला काय म्हणायचे ते आपणच ठरवा. तेव्हा यापुढे घरपट्टी भरताना किंवा घराची रजिस्ट्री करताना कुरकुर जरूर करा, पण तिच्याबरोबर एक प्रश्नही विचारा: या पैशातून यंदा गरिबासाठी किती घरे झाली आणि सर्वांसाठी किती जागा मोकळी राहिली? नागरिकांनी हा हिशेब मागायचा असतो. तो मागितला नाही, म्हणजे तुरीच्या वावरातून वसूल होतो.