सर्किटचा नकाशा कोणाच्या ताब्यात?

माझ्या कपाटात पिवळी पडलेली मायलारची एक शीट आहे. काळ्या चिकटपट्ट्यांनी तिच्यावर व्होल्टेज स्टॅबिलायझरचे सर्किट आखलेले आहे. शीट 1990 च्या आसपासची. आजही ती खिडकीच्या काचेवर धरली की एकेक ट्रॅक वाचता येतो. शेजारी 2004 सालची एक सीडी आहे. तिच्यावरची फाइल संगणकाला दिसते, तिचे नाव दिसते, आकारही दिसतो. पण ती उघडत नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी ते सर्किट काढले होते ते नव्या संगणकावर चालत नाही, आणि दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरला ती फाइल समजत नाही. चौदा वर्षांनी जुना नकाशा जिवंत आणि नवा मेलेला, हे कसे झाले, याचा शोध घेताना हा लेख तयार झाला.

ज्यांनी दिवाळी अंकाचे काम केले आहे त्यांना हे दुखणे नवे नाही. युनिकोड येण्यापूर्वी एका फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की अक्षरांच्या जागी खुणांचा खच पडे. लेख लेखकाचा, पण तो वाचण्याची किल्ली फॉन्टकडे. सर्किटच्या नकाशांचे नेमके हेच झाले.

चिकटपट्टीच्या काळात सर्किट बोर्डाचा नकाशा प्रत्यक्ष आकाराच्या दुप्पट किंवा चौपट काढत. कॅमेऱ्याने तो लहान केला की हाताच्या चुकाही लहान होत. दोन बाजूंच्या बोर्डासाठी एकाच शीटवर लाल आणि निळी पट्टी वापरत आणि फोटो घेताना फिल्टर लावून दोन बाजू वेगळ्या करत. मग फिल्म, मग तांब्याच्या पत्र्यावर छाप, मग फेरिक क्लोराइडच्या द्रावणात नको असलेले तांबे विरघळवणे. नागपूरच्या मे महिन्यात पट्टीचा गोंद सैल पडे आणि रात्रीतून ट्रॅक सरके. सकाळी पुन्हा भिंग घेऊन बसावे लागे. काम किचकट होते, पण नकाशा वाचायला दिव्याशिवाय काही लागत नव्हते.

यंत्र आले तेव्हाही सुरुवातीला ही गोष्ट टिकली. व्हिएन्नात जन्मलेले आणि नाझींच्या तावडीतून सुटून 1940 मध्ये अमेरिकेत पोहोचलेले जोसेफ गर्बर यांच्या कंपनीने फिल्मवर प्रकाशाने रेघ ओढणारे यंत्र बनवले. त्याला द्यायच्या सूचना साध्या अक्षरांत असत: डी01 म्हणजे दिवा लावून सरक, डी02 म्हणजे दिवा बंद ठेवून सरक, डी03 म्हणजे जागच्या जागी एक ठिपका उमटव. ही लिपी सर्वांसाठी खुली राहिली. म्हणूनच आज कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये काढलेला बोर्ड कोणत्याही कारखान्यात बनवून घेता येतो.

पण गर्बर फाइल हे छापलेले पान आहे, हस्तलिखित नव्हे. तांबे कुठे ठेवायचे ते ती सांगते. कुठला रेझिस्टर किती ओमचा आणि ही तार त्या पिनला का जोडली, हे मूळ गर्बरला ठाऊक नसते. ते ज्ञान स्किमॅटिकमध्ये असते आणि स्किमॅटिक सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलमध्ये. ताब्याचा प्रश्न सुरू होतो तो इथे.

1985 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये ऑरकॅड सुरू झाले आणि ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात प्रोटेल. 1988 मध्ये जर्मनीत ईगल आले. वैयक्तिक संगणकावर सर्किट काढता येऊ लागले ते यांच्यामुळे. प्रत्येकाची फाइल वेगळी होती. महाराष्ट्रात या गोष्टीला आणखी एक संदर्भ होता. 1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. नागपुरात 1960 पासून विश्वेश्वरय्या महाविद्यालय, म्हणजे आजचे व्हीएनआयटी, होतेच. आता 1984 मध्ये यशवंतराव चव्हाण आणि रामदेवबाबा ही महाविद्यालये आली. इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुले झपाट्याने वाढली, आणि परदेशी सॉफ्टवेअरच्या परवान्याची किंमत इथल्या खिशाला झेपणारी नव्हती.

आमच्या पिढीतल्या अनेकांनी यावर एकच उत्तर शोधले: बिनपरवाना प्रत. मीही त्यातलाच. त्यामुळे निवड करताना किंमत हा प्रश्नच उरला नाही, आणि किंमत नाही म्हटल्यावर बाकीचे प्रश्नही कोणी विचारले नाहीत. माझी 2004 ची फाइल अशाच प्रतीतली आहे. तक्रार कोणाकडे करणार?

परवाना घेणाऱ्यांचेही सगळे सुरळीत झाले असे नाही. ईगलची मोफत आवृत्ती 100 बाय 80 मिलिमीटरच्या बोर्डापुरती होती, पण विद्यार्थ्यांना तेवढी पुरे. आर्डुइनोचे बोर्डही ईगलमध्येच आखले गेले. 2009 मध्ये ईगल फार्नेलकडे गेले, 2016 मध्ये ऑटोडेस्ककडे. 2017 च्या जानेवारीत एकदाच पैसे भरून कायमची प्रत घेण्याची सोय संपली आणि वर्गणी सुरू झाली. 2023 मध्ये स्वतंत्र ईगल बंद करण्याची घोषणा झाली. अखेरची तारीख ठरली 7 जून 2026. यात बेकायदा काही नाही. मालकाने आपले दुकान आवरले, इतकेच. पण गिऱ्हाइकाचे नकाशे त्या दुकानात होते.

ते वाचले, याचे कारण एक जुना निर्णय. सहाव्या आवृत्तीपासून ईगलची फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात, एक्सएमएलमध्ये, जतन होऊ लागली होती. त्यामुळे 2018 मध्ये कायकॅडच्या पाचव्या आवृत्तीला ती थेट वाचता आली.

कायकॅड 1992 मध्ये ग्रेनोबलचे एक प्राध्यापक ज्याँ-पियेर शारास यांनी लिहायला घेतले. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे: फुकट तर आहेच, शिवाय त्याचा कोड कोणीही वाचावा, बदलावा. 2011 मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेने आपले सर्किट नकाशे जगासाठी खुले करण्याचा परवाना तयार केला. तेव्हा अडचण ही की नकाशा खुला, पण तो उघडायला महागडे सॉफ्टवेअर हवे. मग 2013 पासून सर्नने कायकॅडच्या विकासाला हातभार लावला.

त्याच सुमारास पवईच्या आयआयटीत हेच कोडे आपल्या बाजूने सोडवले जात होते. प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने चाललेल्या फॉसी प्रकल्पाने ऑसकॅड तयार केले; 2013 मध्ये त्याचे पुस्तकही निघाले. तेच पुढे ईसिम झाले. पवईच्या मंडळींनी सगळे नव्याने लिहिण्याचा हट्ट धरला नाही. आखणीसाठी कायकॅड घेतले आणि सर्किट चालेल की नाही हे गणिताने तपासण्यासाठी एनजीस्पाइस. या एनजीस्पाइसचे मूळ 1973 च्या बर्कलीत आहे. तिथल्या डोनाल्ड पेडरसन यांनी स्पाइस हा प्रोग्राम मागेल त्याला दिला होता. कायकॅडची भाषा एनजीस्पाइसला कळत नव्हती. त्या दोघांमधला दुभाष्या पवईत लिहिला गेला. आयआयटीच्याच स्पोकन ट्युटोरियल उपक्रमाने असे मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे धडे मराठीसह भारतीय भाषांत आणले. परवान्याचे पैसे नसलेल्या मुलाला चोरीवाचूनही वाट आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

म्हणून सर्वांनी उद्यापासून मुक्त सॉफ्टवेअरच वापरावे, असे मी म्हणणार नाही. अतिवेगवान सर्किटांसाठी महागड्या सॉफ्टवेअरमध्ये आजही जास्त सोयी आहेत, आणि नोकरीच्या जाहिरातींत नावे बहुधा त्यांचीच असतात. मुलांना तेही यायला हवे. पण निवडताना सोयींची यादी वाचण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. वर्गणी थांबली तर माझी फाइल मला उघडता येईल का? आणि सॉफ्टवेअरच नाहीसे झाले तर ती दुसऱ्या कोणाला वाचता येईल का? स्किमॅटिकची छापील प्रत, भागांची यादी आणि गर्बर फाइल वेगळी ठेवावी, हा सल्ला मात्र कुठलेही सॉफ्टवेअर घेतले तरी लागू आहे.

2004 च्या त्या सर्किटचा एक बोर्ड सुदैवाने माझ्याकडे शिल्लक होता. त्यावरचे भाग मी एकेक करून काढले, बोर्ड दिव्यासमोर धरला आणि मल्टिमीटरने तार तपासत नकाशा पुन्हा कायकॅडमध्ये उतरवला. चार दिवस लागले. मग त्याची कागदावर प्रत काढली आणि ती त्या पिवळ्या मायलार शीटखाली ठेवली.