पंगतीचा हिशोब

तुमच्यापैकी कोणी कधी परदेशातल्या मराठी मंडळाची वेबसाइट सांभाळली असेल, तर हा प्रसंग ओळखीचा वाटेल. २००६ची दिवाळी. आमच्या मंडळाचा ऑनलाइन दिवाळी अंक अमेरिकेतल्या संध्याकाळी प्रकाशित झाला. सगळ्यांना मेल गेली आणि अर्ध्या तासात साइट झोपली. साताऱ्याहून आईचा फोन आला : "अरे, नुसतं पांढरं पान दिसतंय. तुझा लेख कुठाय?"

मी काय केलं? आमचा सर्व्हर अपाचीवर चालायचा. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'मॅक्सक्लायंट्स' नावाची एक ओळ होती आणि तिच्यापुढे १५० हा आकडा. माणसं जास्त आली आहेत, तर जागा वाढवू, म्हणून मी तो २५० केला. दहा मिनिटांत मशीन इतकं गोठलं की मलाच आत शिरता येईना. माझं नेमकं काय चुकलं, हे कळायला मागचा इतिहास वाचावा लागला. तोच तुम्हाला थोडक्यात सांगतो.

१९९३ साली इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅकूल यांनी एक वेब सर्व्हर लिहिला. पान मागणारा प्रत्येक जण आला की तो त्याच्यासाठी एक नवी प्रोसेस जन्माला घालायचा. पंगतीच्या भाषेत सांगायचं, तर पाहुणा पाटावर बसल्यावर वाढपी शोधायला निघायचं. मॅकूल १९९४मध्ये तिथून गेले आणि काम थंडावलं. तो सर्व्हर वापरणाऱ्या काही जणांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या आणि १९९५मध्ये त्यातून अपाची उभा राहिला. त्याच वर्षी त्यात मोठा बदल झाला : वाढपी आधीच तयार ठेवायचे. पण नियम तोच राहिला, एका पाहुण्यामागे एक वाढपी आणि पाहुणा उठेपर्यंत वाढप्याने हलायचं नाही.

१९९७मध्ये एचटीटीपी १.१ आलं. एका पानावर दहा चित्रं असली तर दहा वेळा नवी जोडणी कशाला, एकच उघडी ठेवू, असा त्यामागचा रास्त विचार. पण त्यामुळे अपाचीचा वाढपी पान वाढून झाल्यावरही "आणखी काही?" विचारत उभा राहू लागला. किती वेळ? त्या काळच्या सेटिंगप्रमाणे १५ सेकंद. ते २००५च्या २.२ आवृत्तीत ५ झाले.

१९९९मध्ये डॅन केगल यांनी या दुखण्याला नाव दिलं : सी-टेन-के, म्हणजे एका मशीनवर एका वेळी दहा हजार ग्राहक. त्यांचा हिशोब साधा होता. २ गिगाबाइट मेमरी वीस हजार जणांत वाटली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १०० किलोबाइट येतात. मशीन कमी पडत नव्हतं, वाढण्याची पद्धत चुकत होती.

मग पद्धत बदलू लागली. आधी प्रत्येक पानापाशी जाऊन "काही हवंय का?" विचारावं लागे. २०००मध्ये फ्रीबीएसडीत 'केक्यू' आणि २००२मध्ये लिनक्सच्या विकासातल्या आवृत्तीत 'ईपोल' आलं. आता ज्याने हात वर केला, तेवढ्याचंच नाव सर्व्हरला कळू लागलं. याच वर्षी, रशियातल्या रॅम्ब्लर या पोर्टलवर काम करणारे इगोर सिसोयेव्ह यांनी एंजिन-एक्स लिहायला घेतला. ऑक्टोबर २००४मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. त्यात वाढपी मोजकेच, पण प्रत्येक जण हजारो पानांवर नजर ठेवून फिरणारा.

याचा माझ्या आईशी काय संबंध? सगळा संबंध तिच्याशीच आहे. तिच्याकडे डायल-अप होतं. सर्व्हर पान क्षणात तयार करायचा, पण ते तिच्यापर्यंत थेंबाथेंबाने पोचायचं. तेवढा वेळ अपाचीची एक अख्खी प्रोसेस तिच्यासाठी अडकून राहायची. आमच्या भाड्याच्या सर्व्हरची मेमरी ५१२ मेगाबाइट आणि पीएचपीसकट एक प्रोसेस साधारण २० मेगाबाइटची. १५० गुणिले २० म्हणजे ३००० मेगाबाइट! मेमरी संपली की मशीन डिस्कवर उसनवारी करतं, ती फार संथ असते. मग प्रत्येक पाहुणा जास्त वेळ अडकतो, रांग वाढते आणि उसनवारीही वाढते. मी आकडा वाढवून ही उसनवारीच वाढवली होती.

डेटाबेस आणि बाकीच्या कामांसाठी शंभरेक मेगाबाइट बाजूला काढले, उरलेल्याला २०ने भागलं. उत्तर आलं २०. तो आकडा लिहिताना हात अडखळला, खरं सांगतो. १५० जणांची पंगत २० पाटांवर आणायची? पण थांबण्याची वेळ १५वरून २ सेकंदांवर आणली आणि पुढे एंजिन-एक्स बसवला. तो अपाचीकडून पान झटकन घेई, स्वतःजवळ ठेवी आणि साताऱ्याच्या गतीने पोचवत राही. तोवर अपाचीचा वाढपी पुढच्या पाहुण्याकडे. दुसऱ्या दिवशी आईने लेख वाचला आणि शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या.

२०१२च्या २.४ आवृत्तीत अपाचीनेही नुसतं थांबून राहिलेल्या पाहुण्यांसाठी वाढपी अडकवून ठेवणं सोडण्याची सोय पक्की केली. त्याच आवृत्तीत 'मॅक्सक्लायंट्स'चं नाव बदलून 'मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स' झालं. म्हणजे तो आकडा पाहुण्यांचा नव्हताच, वाढप्यांचा होता. नाव आधीपासून असं असतं, तर माझी ती रात्र वाचली असती.

आज क्लाउडमध्ये मशीन हवी तेवढी वाढतात, असं म्हणतात. बिलही वाढतं. तुमच्या मंडळाची साइट गणपतीत रांगायला लागली, तर नवं मशीन घेण्याआधी एक भागाकार करा : हाती असलेली मेमरी भागिले एका प्रोसेसची मेमरी. आणि त्या वेळी साइटवर सर्वांत संथ जोडणीने कोण आलंय, तेही बघा. बहुधा ती कोणाची तरी आई असते.