रस्ता आधी, सायकल नंतर

१/ सायकल घेताना आज रंग, गिअर आणि किंमत यांची चर्चा आधी होते. सायकलीचा इतिहास मात्र वेगळा क्रम सांगतो. रस्ता कसा आणि ओझे किती, यावरून तिचे रूप ठरत गेले. वऱ्हाडातील रिद्धपूरपासून हा मागोवा घेऊ.

२/ मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे तीर्थक्षेत्र. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी गावोगावी फिरून चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवल्या आणि त्यांतून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. त्यानंतरही सहा शतके, केवळ स्वतःच्या बळावर पायांहून वेगाने जाण्याचे साधन सामान्य माणसापाशी नव्हते.

३/ युरोपातील उंच सायकलीचे पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असे. वेग हवा तर चाक मोठे, आणि चाक मोठे तर पडण्याची भीतीही मोठी. १८८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्लीच्या ‘रोव्हर’ने चेनद्वारे मागचे चाक फिरवले. चाके लहान झाली, वेग दातांच्या गणितावर आला. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला आणि हादरे कमी झाले.

४/ त्याच १८८८ मध्ये बेळगावात सायकलीच्या दुकानातून किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ झाला. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत. ते मुंबईहून सायकली पाठवीत, तर बंधू रामूअण्णा त्या विकून चालवायलाही शिकवीत. पुढे हाच उद्योग लोखंडी नांगरांकडे वळला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

५/ भारतात रुजली ती इंग्रजी घडणीची काळी सायकल: २८ इंची चाके, ताठ बैठक, सळयांचे ब्रेक, चेनकव्हर, कॅरिअर. मोठे चाक खड्ड्यांवरून सहज जाते, ताठ बसल्याने रहदारी नीट दिसते आणि चेनकव्हरमुळे धोतर-पायजमा अडकत नाही. जाड पोलादी सांगाडा दुधाच्या कॅनचे वजन पेलतो आणि मोडला तर गावातही जोडता येतो.

६/ स्वातंत्र्यानंतर टीआय सायकल्स (१९४९) आणि लुधियानाची हिरो (१९५६) यांसारख्या कारखान्यांनी हीच घडण घरोघरी नेली. सुटे भाग सर्वत्र मिळू लागले, हे तिच्या दीर्घायुष्याचे मोठे कारण.

७/ गिअरची गोष्ट निराळी. १९०३ मध्ये सुरू झालेल्या ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीत चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. संस्थापक आंरी देग्रांज यांना ती स्नायूंच्या कसोटीतील पळवाट वाटे. चढ चढणाऱ्याला मात्र तिचे मोल ठाऊक होते.

८/ गणित पाहा. पुढे ४४ दात, मागे १८ असल्यास पायडलच्या एका फेऱ्यात मोठ्या चाकाची सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. दोन्हीकडे ३२ दात असल्यास सुमारे २.२ मीटरच जाते. अंतर घटते, त्याच प्रमाणात पायांवरील जोरही घटतो.

९/ हेच वऱ्हाडात लावून पाहू. अमरावती शहरात रोजच्या कामाला गिअर नसलेली, ताठ बैठकीची सायकल सहसा पुरते. मडगार्ड, दिवा आणि कॅरिअर मात्र हवेच. पावसाळ्यात शेतरस्त्याने जायचे असेल तर टायर आणि मडगार्ड यांमध्ये भरपूर मोकळी जागा हवी, कारण चिकट काळी माती तेथे साचून चाकच अडवते.

१०/ रविवारी परतवाड्याहून चिखलदरा गाठायचा असेल, तर सपाटीवरून अकराशे मीटरहून अधिक उंचीवर चढायचे आहे. तेथे हलका सांगाडा, सोपे गिअर आणि उतारासाठी भरवशाचे ब्रेक लागतात. शर्यतीचे वाकलेले हँडल मात्र शहराच्या गर्दीत मान अवघडून टाकते.

११/ तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर लिहावे: रोजचे अंतर किती, चढ किती, ओझे काय, दुरुस्ती कोठे होणार. काळ्या सायकलीने या चारही प्रश्नांना आपल्या काळाचे उत्तर दिले, म्हणून ती टिकली. उत्तरे आज बदलली असतील, प्रश्न तेच आहेत.