येरळेची वाळू आणि बळीराजा धरण

१९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतले अनेक कामगार सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आपल्या गावी परतले. तेथे दुष्काळ होता. येरळेच्या कोरड्या पात्रातून ठेकेदार वाळू नेत होते. वाळू ही नदीची ठेव. तिच्यात मुरलेल्या पाण्यावरच काठच्या विहिरी तगतात.

मुक्ती संघर्ष चळवळीच्या बळावर बलवडी परिसरातील ग्रामस्थांनी या उपशाला विरोध केला. पण त्यांची मागणी त्याहून धाडसी होती : मर्यादित वाळू गावालाच विकू द्यावी, त्या पैशातून गाव धरण बांधील. शासनाशी दीर्घ झगडा झाला. अखेर अभियंते के. आर. दाते यांचे साहाय्य आणि गावकऱ्यांचे श्रमदान यांतून बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. (नाव बळीचे, फुल्यांचा वारसा स्पष्ट आहे.)

धरण लहानच. इतिहासात त्याच्या भिंतीपेक्षा पाणीवाटपाचा नियम मोठा ठरतो : हिस्सा जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबागणिक समान, आणि भूमिहीनांनाही. शतकानुशतके शेतजमिनीला चिकटलेला पाण्याचा हक्क येथे सातबाऱ्यापासून सुटला. पुढे आटपाडीच्या पाणी परिषदांतून समन्यायी वाटपाची हीच मागणी कृष्णा खोऱ्यातील दुष्काळी तालुक्यांत पोहोचली.