काळ्या मोटारीपासून पर्यायांच्या यादीपर्यंत

नवी मध्यम आकाराची एसयूव्ही घेताना ग्राहक रंग, छत, आसने, चाके यांचे पर्याय पडताळत शोरूममागून शोरूम पालथे घालतो. या यादीचे एक मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत, चक्क रंग वाळण्याच्या अवधीत सापडते.

फोर्डने केवळ काळीच मोटार विकली, ही समजूत अर्धीच खरी. १९०८ ची मॉडेल टी लाल, हिरव्या, करड्या रंगांत मिळे. काळ्याची सक्ती १९१४ ते १९२५ या काळातली. दरम्यान किंमत ८५० डॉलरवरून ३०० डॉलरच्या खाली उतरली, पण गाडी साधीच राहिली. स्पीडोमीटर, हीटर, शॉक अ‍ॅब्झॉर्बर मालक बाहेरून घेऊन बसवीत. म्हणजे हौस होतीच; ती कारखान्याबाहेर भागत होती, एवढेच.

जनरल मोटर्सने ती आत आणली. १९२३ मध्ये ओकलंड गाड्यांवर ड्युको लॅकर आले आणि आठवड्यांचे रंगकाम तासांवर आले. १९२४ मध्ये आल्फ्रेड स्लोन यांनी प्रत्येक खिशाला आणि गरजेला साजेशी मोटार देण्याचे धोरण जाहीर केले: शेवरलेपासून कॅडिलॅकपर्यंतची शिडी. निवड ग्राहकाची, पायऱ्या मात्र कंपनीने आखलेल्या.

मे १९२७ मध्ये मॉडेल टीचे उत्पादन थांबले. डिसेंबरात आलेली फोर्डची मॉडेल ए अनेक रंगांत होती.