विंगोर्ला नावाचा हिरडा

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधले कातडी कमावणारे हिंदुस्थानातून हिरडा मागवायचे. मालाची प्रत ते गावांच्या नावांनी ओळखत: भिमली, जबलपूर, राजपूर आणि विंगोर्ला. विंगोर्ला म्हणजे आपलं वेंगुर्लं, आमच्या राधानगरीच्या घाटाखालचं बंदर. वाचून मला गंमत वाटली. झाड रानातलं, वेचणारे हात रानातले, आणि छाप बंदराचा!

दाजीपूरच्या जंगलातला हिरडा आपल्याला खोकल्याचं औषध म्हणून माहीत. पण त्यात टॅनिन भरपूर. बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कातडं कित्येक दिवस मुरतं, मग ते कुजत नाही. कोल्हापुरी चपलेचं कातडं असंच तयार होतं. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजाने केलं. चपलेला कीर्ती मिळाली, त्यांना विटाळ.

मग क्रोमियम आलं. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झने त्याचं पेटंट घेतलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड चॅटर्टनने ते मद्रासला आणलं. काम झटपट, कातडं मऊ. हिरडा मागे पडला.

आता उलटं चाक फिरतंय. कमावताना वापरतात ते क्रोमियम-३. त्यातलं काही पुढे क्रोमियम-६ होऊ शकतं, आणि त्याने त्वचेला ॲलर्जी होते. म्हणून १ मे २०१५ पासून युरोपात अंगाला लागणाऱ्या चामड्यात ते किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत लागतं. निव्वळ बाभूळ-हिरड्याच्या कातड्यात ही भानगडच नाही. पण प्रयोगशाळेच्या कागदाशिवाय परदेशातला व्यापारी ते मानेल कशाला? आणि घरी बसून चपला शिवणाऱ्याने त्या तपासणीचे पैसे आणायचे कुठून?

२०१९ मध्ये मिळालेलं जीआय मानांकन इथे पुरत नाही. ते मूळ सांगतं: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे. क्रोमियम किती, हे सांगत नाही.

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, गदारोळ झाला. त्यानंतर लिडकॉमने चपलेसाठी क्यूआर कोड आणला: कारागीर कोण, ठिकाण कोणतं, कच्चा माल काय. चांगलंच झालं. फक्त कच्च्या मालाच्या रकान्यात नुसतं ‘चामडं’ नको. ते कुणी कमावलं, कशाने कमावलं, आणि हिरडा कुठल्या रानातून कुणी वेचून आणला, एवढं लिहायला मोबाइलच्या पडद्यावर जागा आहे.